घराण्यातल्या जुन्या बंदुका : हाती आल्यापासून पुढच्या हाती देईपर्यंत

आजोबांची दुनळी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक कातडी गवसणी आली, काडतुसांचा अर्धा डबा आला आणि ‘ही पणजोबांची’ एवढं एक वाक्य आलं. गवसणीमुळे नळीला गंज धरला होता. काडतुसं फुगून हिरवी पडली होती. आणि ते वाक्य, पुढे कळलं, बरोबर नव्हतं. त्या एका दुनळीपासून सुरुवात करून आमच्या घराण्यातल्या, चार घरांत विखुरलेल्या बंदुकांची नीट नोंद व्हायला मला बरीच वर्षं लागली. चुका झाल्या, त्यातली एक तर कधीच भरून न येणारी. ज्यांच्या घरी अशी एखादी बंदूक कपाटामागे उभी आहे किंवा वारशानं येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितो आहे. बंदूक हातात आली की बहुतेक जण आधी ती चकाकवायला घेतात, मग कुणाची होती ते विचारतात आणि परवान्याचं सगळ्यात शेवटी बघतात. करायचं असतं ते नेमकं याच्या उलट.

पहिलं काम : ती भरलेली आहे असंच धरून चाला

जुनी आहे, गंजलेली आहे, पन्नास वर्षांत कुणी हात लावला नाही, म्हणून ती रिकामी असेल असं अजिबात समजू नका. ठासणीच्या बंदुकीत एकदा दारू आणि गोळी ठासली की ती काढणं जिकिरीचं असायचं. त्यामुळे लोक ती भरलेलीच टांगून ठेवत. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते. संग्राहकांकडे आणि संग्रहालयांकडे येणाऱ्या ठासणीच्या बंदुकांमध्ये भरलेल्या बंदुका आजही निघतात.

तपासताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, समोर कुणीही नको, बोट चापापासून लांब. घोडा ताणून बघायचा मोह टाळा. घोडा आधीच ताणलेला किंवा अर्ध्यावर अडकलेला दिसला तर बंदूक तशीच ठेवा आणि परवानाधारक कारागिराला बोलवा, कारण आतली खाच झिजलेली असेल तर नुसत्या धक्क्यानं घोडा पडतो. घोडा जिथे आपटतो त्या छोट्या पोकळ बोंडावर, म्हणजे निपलवर, तांब्याची छोटी टोपी, म्हणजे केप, बसलेली दिसली तरी तेच करा.

केप नाही, घोडा खाली आहे, तर मग काठीची परीक्षा करता येते. एक सरळ, बारीक लाकडी काठी घ्या. लोखंडी गज नको. बंदुकीच्या बाजूला उभं राहून काठी नळीत हलकेच शेवटपर्यंत सरकवा आणि नळीच्या तोंडाशी पेन्सिलीनं खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. काठीचं टोक नळीच्या मागच्या टोकापर्यंत, जिथे कान (ठिणगी आत जाण्याचं भोक) किंवा निपल असतं तिथपर्यंत, पोचायला हवं. तीन-चार बोटं कमी पडलं तर आत काहीतरी आहे. तिथेच थांबा. उकरायचं नाही, ठोकायचं नाही, तापवायचं तर मुळीच नाही.

आमच्या चुलत घरातल्या एकनळीत काठी जवळजवळ वीतभर कमी गेली. कारागिरानं ती मोकळी केली तेव्हा आतून शिशाची गोळी निघाली, कापडाचा घट्ट बोळा निघाला आणि त्यामागे दारूचे कोरडे, काळेभोर दाणे. बोळ्याचं कापड अजून निळसर होतं. त्या बंदुकीशी आम्ही लहानपणी चोर-शिपाई खेळलो होतो. तो बोळा मी एका छोट्या डबीत चिठ्ठी लावून ठेवला आहे आणि घरातल्या प्रत्येक नव्या माणसाला आधी तो दाखवतो.

काडतुसाची बंदूक उघडायची कशी हे माहीत असेल तर उघडून डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. रायफल किंवा पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा खण, काढलं म्हणजे ती रिकामी झाली असं होत नाही, एक काडतूस नळीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागात, राहिलेलं असू शकतं. उघडण्याची रीत माहीत नसेल तर माहितगार माणूस येईपर्यंत थांबा.

दुसरं काम : कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते पुढे ढकललं तर बाकीचं सगळं वाया जाऊ शकतं. वारशानं आलेली बंदूक म्हणजे वारशानं आलेला परवाना नव्हे. ज्याच्या नावावर परवाना होता तो माणूस गेला की बहुतेक देशांत ती बंदूक घरात ठेवण्याचा हक्कही तिथेच थांबतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं आणि वारसानं स्वतःच्या नावावर परवाना मागायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि वारशानं आलेल्या बंदुकाही त्या दोनांतच मोजल्या जातात. म्हणजे तीन बंदुका असलेल्या घरात कोणाच्या नावावर काय, हा प्रश्न माणूस जिवंत असतानाच सोडवायला हवा.

‘प्राचीन’ म्हणजे किती जुनी, याचं उत्तरही जागेप्रमाणे बदलतं. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक प्राचीन धरतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची घडण ही अट आहे, शिवाय ती कोणत्या काडतुसाची किंवा कोणत्या रचनेची आहे तेही बघतात आणि ती केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवलेली असावी लागते. काही ठिकाणी कितीही जुनी असली तरी परवाना लागतोच. तेव्हा परदेशातल्या संग्राहकानं सांगितलेला नियम आपल्याला लावू नका. लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

दस्त्यावर हस्तिदंत असेल तर बंदुकीच्या कायद्याखेरीज वन्यजीवांचे नियमही लागू होतात. असा नग सीमेपलीकडे नेणं किंवा विकणं हे स्वतंत्र प्रकरण आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. कागद पूर्ण होईपर्यंत बंदूक एका नातेवाइकाकडून दुसऱ्याकडे हलवू नका. ‘काकांकडे नेऊन ठेवतो तोवर’ म्हणत गाडीत टाकून नेलेली बंदूक अनेक देशांत थेट गुन्हा ठरते, मग ती घरचीच का असेना.

तिसरं काम : काडतुसं आणि दारू घराबाहेर

याला फार शब्द नकोत. जुनी काडतुसं, केपांच्या डब्या, दारू ठेवायच्या शिंगातली किंवा भात्यातली दारू यांतलं काहीही आठवण म्हणून घरात ठेवू नका. पितळेवर हिरवा थर, फुगलेला कागद, शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती काडतुसं खराब झाली आहेत. ती भुकटी विषारी असते, हात लावलाच तर साबणानं धुवा. जुन्या केपांमधला स्फोटक मसाला घासल्यानं किंवा आपटल्यानं उडतो. काडतूस उघडून आतलं काढणं, जाळणं, पुरणं, पाण्यात टाकणं हे सगळं धोक्याचं. पोलिसांना किंवा परवानाधारक विक्रेत्याला कळवा, कुठे आणायचं की ते स्वतः येऊन नेतील हे विचारा. रिकामं शिंग किंवा डबी कारागिराकडून साफ करून घेतल्यावर परत संग्रहात ठेवता येते.

चौथं काम : आहे तशी नोंद

आता वही घ्या. बंदूक पुसायच्या आधी, ज्या अवस्थेत आली त्या अवस्थेत तिचे फोटो काढा. पूर्ण लांबी दोन्ही बाजूंनी, मग वरून, खालून, दस्त्याची टाच, घोडा आणि चापाचा भाग, प्रत्येक अक्षर, प्रत्येक तडा. पुसट अक्षरांसाठी खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च अगदी आडवी धरा, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून. समोरून जे नुसतं खरबरीत लोखंड वाटतं, त्यातून कडेच्या उजेडात आकडे वर येतात. नळीखालचे शिक्के मला असेच सापडले, रात्री, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन. आधी एक मुकुट दिसला, मग त्याखालचं अक्षर, आणि टॉर्च थोडी फिरवल्यावर एक चार, एक दोन आणि एक नऊ.

लांबी, वजन, नळीच्या तोंडाचा व्यास लिहा. नंबर जिथे जिथे आहे तिथून उतरवा: नळी, मागचा भाग, पुढचं लाकूड. तिन्हीकडे एकच नंबर असेल तर ती मूळ जोडणी आहे असं मानायला आधार मिळतो. वेगळे असतील तर कुठलातरी भाग नंतर बदलला आहे, तेही लिहा. गवसणी, गज, पेटी, सफाईची कांडी, पट्टा, काही टाकू नका. आमची कातडी गवसणीसुद्धा आहे, फक्त बंदुकीपासून लांब.

नंबर दिसणारे फोटो आणि बंदूक कुठे ठेवली आहे ही माहिती समाजमाध्यमांवर घालू नका, घरातल्या गटावरसुद्धा नको.

पाचवं काम : ती आहे तरी कोण

ओळख पटवताना मागून सुरुवात करा, म्हणजे ठिणगी कशी पडते ते बघा. जळत्या दोरीनं, म्हणजे जामगीनं, दारू पेटवणारी ती तोड्याची बंदूक. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला आणि समोर पोलादी पाकळी असेल तर ती गारेची. ही रचना सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आकाराला आली आणि दोनशे वर्षांहून जास्त टिकली. घोडा हातोडीसारखा पोकळ तोंडाचा आणि खाली निपल असेल तर ती केपाची. तिचा पाया फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेत आहे. नळी मागून उघडत असेल तर ती काडतुसाची. गारेच्या अनेक बंदुका पुढे केपाच्या करून घेतल्या गेल्या. घोड्याशेजारच्या पत्र्यावर बुजवलेली जुनी भोकं दिसली तर असा बदल झालेला असण्याची शक्यता मोठी, आणि अशी बंदूक मला तरी जास्त बोलकी वाटते. कुणीतरी वापरातली वस्तू काळाबरोबर पुढे आणली, ते तिच्या अंगावर दिसतं.

मग शिक्के. युरोपातल्या बंदूक बनवणाऱ्या गावांत नळी विकण्याआधी जास्त दारू घालून तपासण्याची पद्धत होती आणि तपासणीत टिकलेल्या नळीवर शिक्का मारत. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संस्थेला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं तपासणीगृह १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का म्हणजे लंबगोलात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरं, आणि १८९३ पासून त्यावर मुकुट. मुकुट नसेल तर बंदूक त्याआधीची असण्याची शक्यता वाढते. ब्रिटिश नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ (म्हणजे गोळीसाठी नाही) अशी अक्षरं सापडली तर काळ साधारण १८७५ ते १८८७. जर्मन बंदुकीवर मुकुटाखाली वेगवेगळी अक्षरं असतात, आणि विसाव्या शतकातल्या अनेक जर्मन नळ्यांवर तर तपासणीचा महिना आणि साल आकड्यांत मारलेलं असतं.

हे शिक्के दुनळीत बहुधा नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर असतात, म्हणजे नळी सोडवल्याशिवाय दिसत नाहीत. आयुष्यभर बंदूक वापरलेल्या माणसालाही ते माहीत नसतात. नळी सोडवायचं काम पहिल्या वेळी कारागिराकडून करून घ्या. स्क्रूला हात लावू नका. जुन्या चांगल्या बंदुकांचे स्क्रू इतक्या अरुंद खाचेचे असतात की त्यांना खास घासून बसवलेले पेचकस लागतात. साध्या पेचकसानं खाच फाटली की ती कायमची फाटली.

नळीवर १२ किंवा १६ असा आकडा असेल तर तो बोअर. एक पौंड शिशाचे १२ सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोअर, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते.

नळीच्या पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी किंवा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती डमास्कस पद्धतीची नळी असू शकते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एका दांड्याभोवती गुंडाळून ठोकत ती घडवत. जोड शेकड्यानं असतात आणि आतून एखादा कुजला तरी बाहेर कळत नाही. स्वस्त बंदुकांच्या साध्या नळीवर तशी नक्षी नुसती काढलेलीही सापडते, तेव्हा नक्षी बघून हुरळून जाऊ नका.

बनवणाऱ्याचं नाव सापडलं तर दोनदा विचार करा. पूर्वी बरीच नावं ही विकणाऱ्या दुकानाची असत, आणि नामांकित कारागिरांच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून नकलाही खपवल्या गेल्या. नाव एका देशाचं आणि शिक्का दुसऱ्याच देशाचा असेल तर विश्वास शिक्क्यावर ठेवा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपन्यांच्या बंदुकांसाठी नंबर कळवला की जुन्या नोंदींवरून पत्र मिळवता येतं. विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या नोंदी अमेरिकेतल्या कोडी इथल्या बंदूक संग्रहालयात आहेत. हॉलंड अँड हॉलंड आणि पर्डी या लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या वह्यांत बंदूक कधी आणि कुणासाठी बनली हेसुद्धा सापडतं.

सहावं काम : घरची गोष्ट आणि लोखंडाची गोष्ट

माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं काम आहे आणि यालाच वेळ सगळ्यात कमी उरलेला असतो. घरातली वयस्क माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढे बसा. फोनवर आवाज नोंदवा. ‘बंदुकीबद्दल सांगा’ म्हटलं की माणसं शिकारीचे ठरलेले किस्से सांगतात. त्याऐवजी बारीक विचारा. ती कुठे टांगलेली असायची? साफ कोण करायचं, कशानं? चावी कुणाकडे असायची? बायकांपैकी कुणी चालवली होती का? शेवटचा बार कधी ऐकला? अशा प्रश्नांवर आठवणी उलगडतात.

आमची दुनळी पणजोबांची, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. पणजोबा गेले १९१८ साली. आणि नळीखाली टॉर्चच्या उजेडात दिसलेले आकडे होते ४ आणि २९, म्हणजे एप्रिल १९२९. बंदूक जर्मन होती आणि पणजोबांनी ती कधी पाहिलीही नव्हती. हे कळल्यावर काही दिवस मला घरात कुणाला सांगवेना. शेवटी आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अरे, मग ती ठासणीची कुठे गेली?” तिच्या आठवणीत तिच्या आजीनं सांगितलेली एक लांब ठासणीची बंदूक होती, पितळी पट्ट्यांची. आजोबांच्या कागदांत शोधलं तेव्हा दुनळीच्या खरेदीची पावती निघाली आणि तीत जुनी ठासणीची बंदूक दिल्याबद्दल रक्कम वजा केलेली होती. आजोबांनी वडिलांची बंदूक देऊन ही घेतली आणि मग हिलाच वडिलांची म्हणत राहिले. मला ते खोटं वाटत नाही. त्यांच्या लेखी बंदूक तीच होती, फक्त नळी बदलली होती.

म्हणून वहीत दोन्ही लिहा. एका पानावर घरात सांगतात ते, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी. समोरच्या पानावर शिक्के, पावत्या, परवान्याच्या जुन्या पुस्तिका, तारीख असलेले फोटो काय सांगतात ते. दोन्ही जुळत नसतील तर एक खोडून दुसरं लिहू नका. त्या दोन पानांमधल्या फटीतच बहुधा खरी हकीकत असते, आम्हाला ती तिथेच सापडली.

जुन्या फोटोत कुणाच्या हातात बंदूक असेल तर भिंगातून घोड्याचा आकार, नळ्यांची जोडणी, दस्त्याचं वळण तुमच्या बंदुकीशी ताडून बघा. फोटोतली बंदूक फोटोवाल्याची किंवा पाहुण्याचीही असू शकते.

सातवं काम : सफाई, तीही अगदी थोडी

आता माझी ती चूक. काकांची एकनळी माझ्याकडे आली तेव्हा मी तरुण होतो आणि तिला नवं रूप द्यायचं या उत्साहानं दस्ता सॅन्डपेपरनं घासून काढला, वर चकचकीत वॉर्निश दिलं. काकांना दाखवायला नेली. त्यांनी ती खांद्याला लावली, मान तिरकी केली आणि गाल टेकतो त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. तिथे त्यांच्या वडिलांच्या आणि त्यांच्या गालानं झिजून झालेली एक गुळगुळीत, काळपट, किंचित खोलगट जागा होती. मी ती सपाट केली होती. काका एवढंच म्हणाले, “छान दिसते.” तेव्हापासून मी घराण्यातल्या कुठल्याही बंदुकीच्या लाकडाला सॅन्डपेपर लावलेला नाही आणि कुणाला लावू देत नाही.

जुनेपणाची झाक हा त्या वस्तूचा भाग आहे. नळीवरचा गडद तपकिरी, गुळगुळीत थर स्थिर असतो, त्याला छेडायचं नाही. नारिंगी, भुसभुशीत गंज मात्र खात जाणारा असतो. फरक ओळखायला पांढरं सुती कापड कोरडंच फिरवा. कापडावर नारिंगी पूड आली तर गंज चालू आहे. त्या जागी हलकं, आम्ल नसलेलं खनिज तेल लावा, एक-दोन दिवस राहू द्या, मग मऊ कापडानं टिपून घ्या. पुन्हा तेल, पुन्हा टिपणं. एका दिवसात काढायचा प्रयत्न केला की गंजाबरोबर नक्षी आणि शिक्केही जातात. नंबर पुसट झाला तर ते नुसतं नुकसान राहत नाही, अनेक देशांत नंबर मिटवलेली बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे.

घरातली वनस्पतीची तेलं वापरू नका, ती वाळून चिकट होतात आणि घोड्याची कळ जाम करतात. पितळेला पॉलिश नको, दर घासणीला कोरीव काम थोडं थोडं उथळ होतं. लाकडाला मऊ, कोरडा ब्रश आणि जेमतेम ओलसर कापड पुरतं. तडा गेला असेल तर स्वतः गोंद घालू नका.

साफ झाल्यावर लोखंडावर आणि लाकडावर सूक्ष्म स्फटिकी मेणाचा अतिशय पातळ थर द्या. संग्रहालयांत वापरतात ते रेनेसान्स वॅक्स याच जातीचं, १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमसाठी तयार झालेलं. तेलावर धूळ बसते, मेणावर कमी बसते. आणि बंदूक हाताळताना सुती किंवा नायट्रिलचे हातमोजे घाला, कारण घामातलं मीठ लोखंडावर बोटांचे ठसे अक्षरशः कोरून ठेवतं.

रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून ‘टक’ असा आवाज ऐकवण्याची पाहुण्यांसमोरची हौस बंद करा. जुनी पिन आणि निपल यानंच तुटतात.

आठवं काम : ठेवायची कुठे

कातडी गवसणीत कधीच नाही. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि त्यात मुरलेला ओलावा लोखंडाला खातो. आमच्या नळीवरचा गंज गवसणीच्या शिवणीच्या रेषेत, टाक्या टाक्यानं उमटला होता. स्पंजाचं अस्तर असलेली पेटीही लांब पल्ल्यासाठी नको. धुतलेलं सुती कापड चांगलं.

लोखंडाला कोरडं हवं आणि लाकडाला थोडा ओलावा, म्हणून हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आकड्यापेक्षा चढउतार जास्त वाईट. कपाटात छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, रंग बदलला की जेल वाळवून परत वापरा. बाहेरच्या भिंतीला, स्वयंपाकघराला, उन्हाच्या खिडकीला लागून कपाट नको. नळीत तेल घातलं असेल तर बंदूक तोंड खाली करून उभी करा. नाहीतर तेल ओघळून दस्त्याच्या मानेत मुरतं, लाकूड काळं पडून मऊ होतं आणि शेवटी लोखंडाजवळच तडकतं.

कपाट पोलादी, जमिनीला किंवा भिंतीला बोल्ट केलेलं, कुलूपबंद. चावी कुठे आहे हे मुलांना कळता कामा नये. भिंतीवर टांगलेली बंदूक दिसायला देखणी असते, पण ती घरी येणारा प्रत्येक माणूस बघतो. आणि घरातलं कुणी मनानं फार खचलेलं असेल, तर काही काळ बंदूक परवानाधारकाकडे जमा करून घराबाहेर ठेवा. यात संकोच बाळगू नका.

वर्षातून दोनदा कपाट उघडून पांढरं कापड फिरवा, वहीत तारीख टाका. एवढी देखभाल पुष्कळ झाली.

बार काढायचा का?

नाही, असंच माझं उत्तर आहे. ज्यांना तरीही वाटतं त्यांनी आधी कारागिराकडून नळीची जाडी मोजून घ्यावी आणि तपासणीगृहाची सोय असेल तर नव्यानं तपासणी करून घ्यावी. शिक्का नळी तपासली त्या दिवसाचा असतो, त्यानंतरच्या गंजाची आणि घासणीची त्याला खबर नसते. डमास्कस नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडल्या. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये आली आणि तिचा दाब वेगळाच. जुन्या १२ बोअरच्या कित्येक बंदुकांत काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. बार झाला की ते तोंड उघडतं आणि उघडायला पुढे जागाच नसते. बसतंय म्हणजे चालतंय, या समजुतीपायी नळी फुटते आणि डावा हात नेमका तिथेच असतो.

नववं काम : एकत्र आणणं आणि पुढे देणं

घराण्याचा संग्रह करायचा तर सगळ्या बंदुका एका कपाटात यायलाच हव्यात असं नाही. आमच्या चार घरांत मिळून पाच नग आहेत, ते आहेत तिथेच, ज्याच्या-त्याच्या परवान्यावर. एकत्र आहे ती वही. प्रत्येक नगाला दोन पानं, फोटो, नंबर, सध्या कुणाकडे, परवान्याचं नूतनीकरण कधी. ज्या बंदुका विकल्या, दिल्या किंवा हरवल्या त्यांनाही पान आहे. ती पितळी पट्ट्यांची ठासणीची आता कुठे असेल ते आम्हाला ठाऊक नाही, पण तिचं पान आहे.

वाटणीच्या वेळी बंदूक फार कडवटपणा आणते, कारण तिचे तुकडे होत नाहीत. मोठ्या माणसांनी हयातीतच ठरवून लिहून ठेवावं, आणि ज्याला द्यायची त्याला परवाना मिळू शकतो का, त्याला ती खरंच हवी आहे का, हेही विचारावं. किंमत काढायची तर ज्याला ती विकत घ्यायची आहे त्याच्याकडून काढू नका. स्वतंत्र जाणकाराकडून लेखी घ्या. मूळ अवस्थेतली, जुळत्या नंबरांची, कागदपत्रांसकट असलेली साधी बंदूक ही पॉलिश केलेल्या भारी बंदुकीपेक्षा जाणकाराला जास्त मोलाची वाटते. विम्याला सर्वसाधारण घरगुती पॉलिसी सहसा पुरत नाही, वेगळी नोंद लागते का ते विचारून घ्या.

कुणालाच ठेवायची नसेल तर संग्रहालयाला विचारा, पण देणगीपत्रात घरची हकीकतही जोडा. नळी बुजवून निकामी करण्याचा मार्ग काही देशांत आहे. तो परत फिरवता येत नाही आणि मोलही बरंच जातं, म्हणून तो अगदी शेवटी.

एक जाड लिफाफा करून ठेवा: परवान्याची प्रत, खरेदीची पावती, वहीची छायाप्रत, आवाजाच्या नोंदी असलेला पेनड्राइव्ह आणि वर एक पान. त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: कुठलीही बंदूक उचलण्याआधी या कारागिराला फोन करा, नाव अमुक, नंबर अमुक. बंदूक हलवण्याआधी परवाना कार्यालयाला कळवा. काडतुसं घरात नाहीत. दस्ता घासू नका. तो लिफाफा बंदुकीच्या कपाटात ठेवू नका, कारण ते कपाट उघडण्याआधीच तो वाचायचा आहे.